गणपतीआधी की दिवाळीनंतर?

मालवणजवळच्या वायरी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात घराला लागून दोन-चार खोल्या बांधून पर्यटक ठेवणारी जी कुटुंबं आहेत, त्यांतल्या कितीतरी घरांचं बुकिंग अजून वहीत असतं. वही इथे आणि फोन मुंबईत, ही त्यातली खरी अडचण. मुलगा डोंबिवलीला नाहीतर विरारला नोकरीला. व्हॉट्सअॅपवरची चौकशी त्याच्याकडे येते, ॲडव्हान्स त्याच्या खात्यात जमा होतो, आणि इकडे वडिलांनी दारात आलेल्या दुसऱ्याच कुटुंबाला तीच खोली दिलेली असते. एरवी शेजारच्या घरी सोय लावता येते. नाताळ ते 31 डिसेंबरच्या आठवड्यात ती लागत नाही. दिवसभर प्रवास करून रात्री पोचलेली माणसं, झोपेला आलेली मुलं, आणि आपण पैसे घेतलेले. यजमानाला त्या क्षणी जी शरम वाटते ती कुठल्याही परताव्याने भरून निघत नाही.

आमच्या वाडीतल्या एका मुलीने यावर ॲप लिहायला घेतलं आहे. पुण्यात इंजिनीअरिंग, तिथेच काही वर्षं नोकरी, आणि आता नोकरी सोडून स्वतःचं काम. तिचा मामा मुंबईत औषध कंपनीत एमआर होता. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि त्यानंतर हा माणूस गावी परतून तारकर्लीला खोल्या बांधून बसला. ॲपची कल्पनाही त्याच्याच घरातल्या अशा एका दुहेरी बुकिंगच्या रात्रीतून आली.

दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि एका गोष्टीवर अजिबात एकमत नाही. ॲपबद्दल लोकांना कधी सांगायचं? भाचीच्या मते दिवाळीनंतर, काम पुरं झाल्यावर. मामाच्या मते गणपतीआधी, आत्ताच. जूनमधल्या एका संध्याकाळी त्यांच्या पडवीत हा वाद मी पूर्ण ऐकला, मध्ये बोललोही. नवं काही बनवणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न कधी ना कधी येतो, म्हणून तो मांडतो आहे.

भाची : मामा, तू एवढ्यात कोणाला काही सांगू नको. अजून अर्धंच झालंय.

मामा : अर्धं म्हणजे काय नाही त्यात?

भाची : बिल निघत नाही. बुकिंगच्या मोठ्या साइटवरून आलेल्या तारखा आपोआप चढत नाहीत. आणि देवबागच्या टोकाला रेंज गेली की इथली नोंद मुंबईच्या फोनवर उशिरा दिसते. ही तिन्ही कामं झाल्याशिवाय मी कोणाच्या दारात उभी राहणार नाही.

मामा : कधी होतील?

भाची : दिवाळीपर्यंत. मग एकदम सगळ्यांना सांगू.

मामा : अगो बाय, दिवाळीनंतर तुझा ऐकूक कोण रिकामो आसा? तेव्हा माणूस पहाटे उठून बाजारात सुरमई बघतो, दुपारी जेवणावळी, संध्याकाळी स्कूबाचं बुकिंग करून देतो, रात्री दोन वाजता गेट उघडतो. त्याला नवीन ॲप शिकवणार तू? आमच्या धंद्यात पावसाळी तापाचं औषध मे महिन्यात डॉक्टरच्या टेबलावर पोचायचं. ताप सुरू झाला की दवाखान्यात रांग, डॉक्टरला आमचं तोंड बघायला वेळ नाही.

मामाचं हे म्हणणं मालवणच्या वर्षाच्या रचनेवर उभं आहे. 1 जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाआधीच किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पाणी गढूळ, स्कूबा बंद. खळ्यातला माटव निघतो, घरांना पावसाच्या आडोशाला झडी लागतात. ज्याच्या खोल्या आहेत तो माणूस या दिवसांत पडवीत सापडतो आणि सवडीने बोलतो. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत तोच माणूस घरात असून भेटत नाही. म्हणजे इथे एखादी गोष्ट समजावून सांगण्याचा हंगाम वेगळा आणि वापरण्याचा वेगळा. पुण्या-बंगळुरात बसून आखलेल्या कुठल्याही वेळापत्रकात हे येणार नाही. दिवाळीला तयार झालेलं ॲप म्हणजे प्रत्यक्षात पुढच्या पावसाळ्यात विकलं जाणारं ॲप. बनवणाऱ्याने तोवर खायचं काय?

भाचीकडे याचं उत्तर होतं, आणि ते हलकं नव्हतं.

भाची : मला हंगाम कळतो, मामा. पण इथे नाव एकदाच जातं. पुण्यात एखाद्या कंपनीचं ॲप बिघडलं तर लोक शिव्या देतात आणि विसरतात. इथे माझ्या ॲपमुळे एका घरात 31 डिसेंबरला एका खोलीवर दोन कुटुंबं आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात पहिलं वाक्य काय असेल? ‘त्येच्या भाचीन केलेला.’ माझं नाव नाही, तुझं नाव. आईचं नाव. तू ते पणाला लावायला निघालायस.

मामा : म्हणून मी सांगतोय हळूहळू सांगू.

भाची : हळूहळू म्हणजे काय? तू परवा म्हणालास की तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो आणि चतुर्थीला मालवणात भरडावर बॅनर लावतो. याला हळूहळू म्हणतात?

इथे मामा गप्प झाला, कारण तो खरोखर तसं म्हणाला होता. मला या टप्प्यावर भाचीची भीती पूर्ण पटली. लवकर सांगा, लवकर सांगा, हा सल्ला जिथून येतो त्या जगात गिऱ्हाईक अनोळखी असतं. ड्रॉपबॉक्सचं उदाहरण नेहमी दिलं जातं. फाइली साठवण्याची ती सेवा लोकांच्या हाती येण्याआधी ड्रू ह्यूस्टन यांनी ती कशी चालेल हे दाखवणारी छोटी चित्रफीत टाकली आणि प्रतीक्षायादीतली नावं एका रात्रीत 5,000 वरून 75,000 वर गेली. उत्तम केलं त्यांनी. पण त्या पाऊण लाखांपैकी कोणी ह्यूस्टन यांच्या आईला बाजारात भेटणार नव्हतं. ज्या गावात ग्राहक, नातेवाईक आणि शेजारी ही एकच माणसं असतात, तिथे लवकर सांगण्याची किंमत वेगळी पडते.

तरीही लपून बसणं हा त्यावरचा उपाय नव्हे, असं मला वाटतं. ते का, हे पुढच्या बोलण्यातून उलगडलं.

मामा : बरं, बॅनर राहू दे. पण एक सांग. तू हे दोन-तीन घरांत दाखवलंस ना?

भाची : दाखवलं. सगळे चांगलं म्हणाले.

मामा : काय म्हणाले, त्यांच्या शब्दांत सांग.

भाची : ‘बरा केलंस गो.’ ‘बरा आसा, मगे बघया.’

मामा : म्हणजे नाही म्हणाले. तुझ्या तोंडावर कोण वाईट बोलणार? माझी भाची, शिकलेली मुलगी, परत गावात येऊन काहीतरी करतेय. चहा पाजतील, पाठीवर हात ठेवतील, आणि वहीतच लिहितील. डॉक्टरही मला असेच सांगायचे, औषध चांगलं आहे, लिहितो. मी खाली केमिस्टकडे जाऊन विचारायचो, चिठ्ठ्या येतात का? तिथे खरं कळायचं. तुझा केमिस्ट कोण?

भाची : मी पैसेच मागितले नाहीत, तर कसं कळणार?

मामा : तेच म्हणतोय. पैसे माग.

भाची : अर्धवट वस्तूचे? पहिलं वर्ष फुकट द्यायचं ठरवलंय मी. आधी सवय लागू दे. सगळे तसंच करतात.

मामा : जयंतराव साळगावकर आपल्या मालवणचे. 1973 साली त्यांनी कालनिर्णय काढलं. त्या काळी कॅलेंडर विकत कोण घ्यायचं? औषध कंपनी द्यायची, किराणावाला द्यायचा, बँक द्यायची. भिंतीवर देवाचं चित्र आणि खाली तारखा. घरात तीन-तीन फुकटची कॅलेंडरं आलेली असायची. त्या बाजारात ह्या माणसाने पैसे मागितले. का मिळाले? कारण पंचांग समजायला भटजी लागत होता आणि ह्यांनी ते भिंतीवर आणलं, बाईमाणसाला वाचता येईल असं. पानाची मागची बाजू कोरी जायची, तिथे लेख घातले, पाककृती घातल्या. फुकट दिलं असतं तर ते चौथं कॅलेंडर झालं असतं.

मामाच्या या उदाहरणात मी एक भर घातली. साळगावकर एकदम दिनदर्शिकेकडे आले नव्हते. त्याआधी त्यांनी शब्दकोडी चालवली होती, वर्तमानपत्रांतून भविष्य लिहिलं होतं. मराठी घरात सकाळी काय वाचलं जातं आणि कशासाठी थांबलं जातं, याची त्यांना वस्तू बनवण्याआधीच माहिती होती. शिवाय तीही हंगामी वस्तू. जानेवारी उलटला की न खपलेली दिनदर्शिका रद्दीत जाते, म्हणून ती दिवाळीच्या सुमारासच दुकानात लागते. हंगामाआधी पोचण्याचं महत्त्व त्या धंद्यात मुळातच आहे.

पण भाचीने या उदाहरणाचा जो भाग पकडला, तो आम्हा दोघांच्याही लक्षात आला नव्हता.

भाची : पण मामा, ते छापून पूर्ण होतं. मार्चपर्यंतच्या तिथ्या छापल्यात, पुढच्या बनवतोय, तुम्ही पैसे द्या, असं साळगावकर म्हणाले असते तर कोणी घेतलं असतं? एक एकादशी चुकली असती तर दुसऱ्या वर्षी कोणी हात लावला असता?

मला वाटतं, सगळ्या वादाचं मर्म या प्रश्नात आहे. लवकर बाहेर पडा म्हणणारे आणि पुरं करून बाहेर पडा म्हणणारे, दोघंही वस्तूकडे एकसंध गोष्ट म्हणून बघतात. ती तशी नसते. दिनदर्शिकेत तिथी चुकून चालत नाही. मागच्या पानावरचा लेख एखाद्या वर्षी सामान्य निघाला तर चालतो. भाचीच्या ॲपमध्ये तिथीच्या जागी एकच गोष्ट आहे: एका खोलीवर एका तारखेला दोन नावं चढता कामा नयेत. बाकी बिल, अहवाल, साइटची जोडणी, हे सगळं मागच्या पानावरचं. मी हे तिला म्हणालो. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “मग माझ्या तीन कामांपैकी एकच खरं राहिलेलं आहे. रेंजचं.”

बरोबर. रेंज गेल्यावर इथली नोंद मुंबईला उशिरा पोचते, ही त्रुटी थेट दुहेरी बुकिंगकडे नेणारी आहे. ती दुरुस्त न करता कोणाच्याही दारात जाणं म्हणजे फसवणूक. बिल निघत नाही ही मात्र नुसती उणीव आहे आणि उणीव सांगता येते. जे अपुरं असलेलं चालत नाही ते पुरं करा, जे चालतं ते उघडपणे सांगून बाहेर पडा. लहान गावात तर दुसरा मार्गच नाही.

भाची : ते एक काम मी जुलैत संपवते. मोबाइलमध्ये नोंद ‘तात्पुरती’ म्हणून दिसेल, आणि दोन्ही फोनवर पोचली की मगच ‘पक्की’. तोवर ॲप ॲडव्हान्स घेऊ नका म्हणून सांगेल.

मामा : मगे झाला तर. गणपतीआधी निघू.

पैशांचा प्रश्न मात्र इतक्यात मिटणारा नव्हता. भाचीला पैसे मागणं जड जात होतं, आणि त्यामागे हिशेबापेक्षा संस्कार जास्त होते. आपलं काम चांगलं असेल तर ते आपोआप बोलेल, आपण आपल्या तोंडाने सांगू नये, हे आपल्या घरांतून लहानपणापासून ऐकवलं जातं. मला हा संस्कार आवडतो. पण ज्या कामाकडे अजून कोणी पाहिलेलंच नाही, ते बोलणार कोणाशी? मी तिला कैलास काटकरांची गोष्ट सांगितली. मूळचे सातारा जिल्ह्यातले काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी ते काढून टाकणारे प्रोग्राम लिहिले. हे प्रोग्राम आधी स्वतःच्याच दुकानात आलेल्या यंत्रांवर चालले. 1995 च्या सुमारास त्यातून क्विक हील नावाचं उत्पादन झालं, आणि 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. बाजारात वस्तू येण्याआधीच तिचे पैसे देणारी माणसं काऊंटरच्या पलीकडे उभी होती.

भाची : तेच तर. त्यांच्याकडे माणूस आजारी यंत्र घेऊन यायचा. तो हातात पैसे घेऊनच आलेला. माझ्याकडे कोण येणार? जूनमध्ये तर कोणाचं काहीच दुखत नाही. खोल्या रिकाम्या, वही बंद.

मामा : चतुर्थीला दुखतं.

भाची : चतुर्थीला?

मामा : मुलगा मुंबईहून येतो. वर्षभर फोनवर भांडलेले बाप-लेक पाच दिवस एका घरात. जेवताना विषय निघतोच. गेल्या नाताळला तुम्ही खोली दिलीत म्हणून मला त्या लोकांचे पैसे परत करावे लागले. तू सांगितलं नाहीस म्हणून मी दिली. आई मध्ये पडते. त्या दिवशी तू आरतीला गेलीस, प्रसाद घेतलास आणि दोघांच्या हातात एकेक फोन दिलास, तर पुढचं काही बोलावं लागणार नाही.

हे ऐकून भाची हसली, पण लगेच वही ओढून लिहायला लागली. मलाही हे फार मोलाचं वाटलं. चाकरमानी गावात असतात त्या मोजक्या दिवसांत निर्णय घेणारी दोन्ही माणसं एका छपराखाली असतात. एरवी बापाला समजावलं तर तो मुलाला विचारतो म्हणतो, मुलाला समजावलं तर तो बाबांना जमेल का म्हणतो. कोणतीही जाहिरात ही दोन माणसं एकत्र आणू शकत नाही. गणपती आणतात.

भाची : पण दाखवून थांबायचं नाही. एअरबीएनबीवाल्यांनी काय केलं माहितेय? 2009 सालची गोष्ट. त्यांची आठवड्याची कमाई दोनशे डॉलरच्या आसपास अडकली होती. न्यूयॉर्कमधली घरं यादीत होती, पण फोटो इतके वाईट की कोणी बुक करत नव्हतं. मग स्वतः संस्थापक कॅमेरा घेऊन घरोघर गेले आणि फोटो काढून दिले. कमाई वाढायला लागली. हजारो घरांचे फोटो असे काढता येणार नाहीत हे त्यांना कळत होतं. पण सुरुवातीला हजारो घरं नव्हतीच.

मामा : मग तू पण फोटो काढणार?

भाची : नाही. मी वही उतरवून देणार. पुढच्या हंगामाची जेवढी बुकिंगं आत्ता वहीत आणि मुलाच्या व्हॉट्सअॅपमध्ये आहेत, ती सगळी मी स्वतः बसून ॲपमध्ये भरून देणार. दोन्हीकडच्या तारखा समोरासमोर आल्या की कुठे टक्कर आहे ते तिथेच दिसेल.

ही युक्ती मला मामाच्या युक्तीहून चांगली वाटली. गणपतीत बसून नाताळची टक्कर सापडली, तर त्या घराला ॲपचा उपयोग सांगावा लागणार नाही. तो डोळ्यांनी दिसेल. आणि टक्कर सोडवायला तीन-चार महिने हातात असतील. शिवाय लोक वहीत कसं लिहितात, कुणाच्या नावापुढे फुली का मारतात, ‘कुडाळवाले 6 माणसं, 2 शाकाहारी’ हे कुठल्या रकान्यात बसत नाही, हे सगळं तिला त्याच बैठकीत कळेल. सुरुवातीच्या काळातलं मार्केटिंग आणि वस्तू सुधारण्याचं काम इतकं एकमेकांत मिसळलेलं असतं की ते वेगळं काढू नये.

मग तो प्रश्न आला, जो प्रत्येक घरात पहिला येणार.

मामा : तुला विचारतील, ‘गिरायका हाडतलंस काय?’ काय सांगशील?

भाची : नाही म्हणून सांगणार. मी पाहुणे आणत नाही, आलेल्या पाहुण्यांचा गोंधळ थांबवते.

मामा : मग नाही घेणार. लोकांना खोल्या भरायला हव्यात. त्या मोठ्या साइट पंधरा-वीस टक्के कापून घेतात तरी लोक देतात, कारण माणूस आणून देतात.

भाचीला रेडबसची गोष्ट ठाऊक होती. 2005 च्या दिवाळीत फणींद्र सामा यांना बंगळुराहून घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. मित्रांना घेऊन त्यांनी बसमालकांसाठी रिकाम्या सीटा दाखवणारं सॉफ्टवेअर बनवलं. बसमालकांना ते नको होतं. शेवटी त्यांनी मालकांकडून सीटा घेऊन स्वतःच प्रवाशांना तिकिटं विकायला सुरुवात केली. आयटी कंपन्यांच्या दारात कार्डं वाटून पहिली गिऱ्हाइकं मिळवली. 2006 मध्ये सुरू झालेल्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसमालकांनी पुढे घेतलं, पण आधी प्रवासी आणून दाखवावे लागले.

मामा : बघ! तुझंच उदाहरण तुझ्या विरुद्ध जातंय.

भाची : जातंय, मान्य. पण पाहुणे आणायचे तर मला पुण्या-मुंबईत जाहिरात करावी लागेल. त्याला पैसे नाहीत माझ्याकडे. आणि पाहुणे आणते म्हटलं आणि एका घरात महिनाभर कोणी आलं नाही, तर मी खोटी पडले. जे माझ्या हातात नाही त्याचं वचन मी देणार नाही. दहा घरांत नकार आला तरी चालेल.

इथे दोघांचं जमलं नाही आणि मीही जमवायचा प्रयत्न केला नाही. मामाचं बाजाराचं ज्ञान खरं आहे. पाहुण्यांशिवाय ॲप विकणं कठीण जाईल. पण माझा कौल भाचीच्या बाजूने आहे. पहिल्या दिवशी आपण जे बोलतो त्यावर लोक आपल्याला वर्षानुवर्षं तोलतात. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं योजना, कंपन्या, एजंट आले, आणि त्यातले पुष्कळ जण माणसं आणून देतो म्हणूनच आले होते. त्या रांगेत ही मुलगी उभी राहू नये असं मला मनापासून वाटतं. आणि तारकर्लीच्या समुद्राने कमावलेले पैसे टक्क्याटक्क्याने दूरच्या शहरांत जातात, ते थोडे तरी इथल्या वहीत राहावेत यासाठी इथल्याच कोणाचं काम टिकणं गरजेचं आहे.

किमतीवर तडजोड झाली. वर्षाला एका खोलीमागे एक ठरावीक रक्कम. पहिल्या दहा घरांना निम्मी, पण फुकट नाही. मामाने त्यात एक अट घातली. रापणीच्या जाळ्याच्या दोरीला ज्याने हात लावला त्याला वाटा मिळतो, तसं या दहा घरांना पुढे कितीही दर वाढला तरी निम्माच राहायला हवा, कारण अर्धी वस्तू त्यांनी ओढून किनाऱ्याला आणली असेल. भाचीने ते लगेच मान्य केलं. कोणी कॉपी केली तर, ही तिची जुनी भीती तिने पुन्हा काढली; मामा म्हणाला, ज्या दिवशी कॉपी करावीशी वाटेल त्या दिवशी पेढे वाटू. त्यावर फार बोलणं झालं नाही, आणि ते योग्यच होतं. दहा घरांच्या वह्या स्वतः उतरवणाऱ्या माणसाची कॉपी पुण्यात बसून होत नाही.

शेवटचा खटका उडाला तो एका कागदावरून. प्रत्येक घरी देण्यासाठी भाचीने एका पानाचा मजकूर लिहिला होता. वर ॲप काय करतं ते तीन ओळींत. खाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, काय करत नाही ते: बिल काढत नाही, मोठ्या साइटच्या तारखा स्वतः भराव्या लागतात, पाहुणे आणत नाही. आणि एक ओळ अशी की पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो ॲप साठवत नाही.

मामा : हे खालचं कशाला? औषधाच्या माहितीपत्रकावर दुष्परिणाम छापलेले असतात, पण आम्ही ते डॉक्टरला वाचून दाखवत नव्हतो.

भाची : मी वाचून दाखवणार. नंतर कोणी म्हणायला नको की सांगितलं नाही.

मामा : धंदा असा होत नाही, बाय.

भाची : तूच म्हणालास ना, लवकर सांग? मग सगळंच लवकर सांगायचं. चांगलं आत्ता आणि वाईट दिवाळीनंतर, असं नाही.

मामाने कागद दोनदा वाचला. मग पेन मागून तळाशी भाचीचा फोन नंबर लिहिला आणि विचारलं, 31 डिसेंबरच्या रात्री हा फोन कोण उचलणार? ती म्हणाली, मीच. नाताळच्या आठवड्यात ती पुण्याला जाणार नाही, देवबागपासून वायरीपर्यंत कुठल्याही घरी स्कूटरने पोचेल. हे कागदावर लिही, मामा म्हणाला. तिने लिहिलं. तो कागद मी पाहिला आहे. त्यातली सर्वांत चांगली जाहिरात ती ओळ आहे.

मग कुठल्या घरापासून सुरुवात करायची यावर बोलणं आलं. भाचीच्या मनात ज्यांच्याकडे सर्वांत जास्त खोल्या आहेत ते घर होतं. मी म्हणालो, ज्याच्या शब्दाला वजन आहे तिकडे आधी जा. 1980 साली ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलं तेव्हा सुरुवातीला त्याला फारसा प्रतिसाद नव्हता, पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून मनापासून कौतुकाचं पत्र लिहिलं आणि चित्र बदललं. मामाने मान डोलावली, पण त्याचं उत्तर तिसरंच होतं.

मामा : आपल्या वरच्या वाडीतली म्हातारी. दोनच खोल्या आहेत, पण ती तोंडावर सांगते. मासळी बरी नसली तर विकणारीलाच परत देते. माझ्या खोल्या बांधल्या तेव्हा पहिल्या दिवशी म्हणाली, न्हाणीघरात उजेड नाही, बायका येणार नाहीत. खिडकी फोडून घेतली मी.

भाची : ती नाही म्हणाली तर?

मामा : तर का ते सांगेल. बाकीचे नऊ जण ते सांगणार नाहीत.

भाची : उद्या जाऊया?

मामा : रेंजचं काम कर आधी. ते झालं की जाऊ. आणि चारनंतर, दुपारी ती झोपते.